क्लबातला पैसा सोपा नसतो बे

परवा सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना एकजण म्हणाला, काय बे, तू तिकडं होतास ना, जपानच्या क्लबात पोरी नुसत्या गप्पा मारून लय कमावतात म्हणे. तिथं म्हणलो नाही काही, माणसं होती, म्हणून इथं लिहितोय.

टोकियोत नोकरीला असताना मी काबुकिचोतल्या, म्हणजे तिथल्या रात्रीच्या क्लबांच्या भागातल्या, एका क्याबाकुराचं (पोरींशी गप्पा मारत प्यायचा क्लब) कायमचं गिऱ्हाईक होतो, लपवायचं काय त्यात. पोरगी शेजारी बसते, ग्लास भरते, तुमचं रडगाणं ऐकते, हात लावायचा नाही. आपल्या मोडनिंबच्या कला केंद्रातली बैठक समजा, फक्त नाच नाही आणि दौलतजादा शॅम्पेनच्या बाटल्यांवर.

बिल घड्याळावर चालतं, जेवढा वेळ बसाल तेवढे पैसे. वेळ संपत आली की वेटर येऊन वाढवायचं का विचारतो आणि बरोबर तेव्हाच पोरगी असं बघते की नाही म्हणवत नाही. ठराविक पोरगीच पाहिजे तर त्याचे वेगळे, ती जी पिते तेही आपल्याच बिलात. मी ज्या टेबलावर बसायचो तिथली पोरगी ग्लासला बाहेरून पाणी सुटलं की दर वेळी रुमालाने पुसायची, बोलता बोलता, न बघता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी एकदाच बोललो असेन, कित्येक महिन्यांनी तिने विचारलं आता चालतात का आई. मला वाटलं काय माया आहे! नंतर तिनेच हसत सांगितलं, घरी जाताना ट्रेनमध्ये सगळ्या गिऱ्हाईकांचं फोनमध्ये टिपून ठेवते. म्हणजे दुकान बंद झालं तरी ड्युटी चालूच, दुपारी उठल्यापासून मेसेज, संध्याकाळी गिऱ्हाईकासोबत बाहेर जेवून त्यालाच क्लबात घेऊन यायचं, आणि वर रोज दारू. लिव्हरचा पगार कोण देतो?

आणि पैसा टिकतो असंही नाही. तिथं बायकांसाठी होस्ट क्लब असतात, यातल्या काही पोरी कमाई तिथंच उडवतात, तिथली पोरं गोड बोलून उधारीवर बाटल्या फोडायला लावतात, मग ती उधारी फेडायला कितीतरी जणी थेट देहविक्रीपर्यंत जातात. शेवटी 2025 मध्ये कायदा बदलला, प्रेमाचं नाटक करून खर्च करायला लावणं आणि उधारी वसुलीसाठी असल्या धंद्यात ढकलणं यावर बंदी आली. आणि गंमत बघा, तिथल्या 1956 च्या कायद्याने वेश्याव्यवसाय बेकायदा आहे पण नुसत्या विकत घेणाऱ्याला शिक्षा नाही. पुरुषांनीच लिहिलेला असणार.

आता सोलापुरातून पोरंपोरी जपानी शिकून तिकडं चाललेत, त्यांच्यासाठी एक कामाचं. स्टुडंट व्हिसावर परवानगी काढली की आठवड्याला 28 तास पार्टटाइम करता येतं, पण असल्या क्लबात नाही, आत भांडी घासायलासुद्धा नाही. कुणी एजंट म्हणाला की फक्त किचनचं काम आहे, तरी नाही म्हणा, सापडलात तर व्हिसा जातो.