ईएसआर १३५ आणि सीआरपी नॉर्मल

तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे मी. कंबरदुखी, गुडघेदुखी, सांधे धरलेत हे आमच्याकडे रोजचंच, त्यात चिकनगुनियाची साथ येऊन गेली की विचारूच नका. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात सीबीसी, ईएसआर (लाल पेशी नळीत तासाभरात किती खाली बसतात ते), सीआरपी (सूज किंवा इन्फेक्शन असेल तर वाढणारं), आरए फॅक्टर (संधिवातासाठी), झालं. आणि कोविडपासून तर सीआरपी घरोघरी पोचलंय, रिपोर्ट प्रिंट व्हायच्या आधीच काउंटरवर विचारतात, "ताई, सीआरपी किती आलं?"

त्या दिवशी आलेले काका साठीच्या पुढचे, शेतकरी. मुलगा मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला होता आणि उतरताना काकांचा चेहरा असा काही झाला की मी आधी खुर्चीच पुढे सरकवली. दोन-तीन महिने पाठ दुखतेय, आधी मेडिकलवाल्याकडच्या गोळ्या, मग डॉक्टरांच्या. ब्लड घेताना पापणी बघितली तर पांढरीफटक.

तासाने ईएसआर वाचायला गेले तर अर्ध्याहून जास्त नळी पिवळीच. १३५. आता एवढं आलं की आमचा पहिला संशय पेशंटवर नसतो, स्टँडवर असतो. नळी जराशी तिरकी असली तरी ईएसआर वाढतं, स्टँड सेंट्रिफ्यूजच्या टेबलावर ठेवला तर हादऱ्याने फरक पडतो, सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घालतात ते) आणि ब्लडचं प्रमाण चुकलं तरी पडतो. सगळं बघून दुसऱ्या नळीत परत लावलं, परत तेच. हिमोग्लोबिन ८.१, ॲनिमियात ईएसआर थोडं वाढतंच, पण एवढं नाही.

आणि सीआरपी आलं ३.२. म्हणजे एकदम नॉर्मल.

मुलगा खूश. "म्हणजे अंगात काही नाही ना ताई?" मी म्हटलं मॅडम बघतील आणि मग सांगतील, थांबा जरा. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम दुपारी येतात, त्यांना फोन केला तर म्हणाल्या आधी सिरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) डायल्यूट करून सीआरपी परत लाव. कारण सीआरपी प्रचंड असेल तर कधीकधी रिएजंटच कमी पडतं आणि रिझल्ट खोटाच कमी येतो. डायल्यूट केलं, तरी नॉर्मलच. म्हणजे सीआरपी खरंच वाढलेलं नव्हतं.

इथे थोडं सांगायला पाहिजे, कारण लोक (आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरही) या दोन टेस्ट एकाच मापाच्या समजतात. सीआरपी हे एक ठरावीक प्रोटीन आहे, ते लिव्हर बनवतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. इन्फेक्शन झालं किंवा कुठे सूज आली की आयएल-६ नावाचा निरोप लिव्हरला पोचतो आणि सहा-आठ तासांत सीआरपी चढायला लागतं, कारण संपलं की दोन-चार दिवसांत खाली. ईएसआर मात्र कुठलंच एक प्रोटीन मोजत नाही. लाल पेशींवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून त्या एकमेकींपासून लांब राहतात, रक्तात फायब्रिनोजेन किंवा ग्लोब्युलिन ही प्रोटीनं (अँटीबॉडी ग्लोब्युलिनमध्येच येतात) वाढली की तो दुरावा कमी होतो, पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. टीबी असो की संधिवात, ईएसआर १३५ असेल तर सीआरपी सहसा गप्प बसत नाही. लुपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) बसू शकतं, पण काकांकडे बघून ते वाटत नव्हतं. मग पेशींना खाली ओढत कोण होतं?

स्लाइड लावली. चळतीच चळती, आणि पेशींच्या मागचं बॅकग्राउंड निळसर. मॅडम आल्या, मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि डोळा न काढताच म्हणाल्या, उरलेल्या सिरममधून टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन लाव, बिलात धरू नकोस. टोटल प्रोटीन १०.२, जे आठच्या आत असायला पाहिजे. अल्ब्युमिन ३.०. म्हणजे ७.२ नुसतं ग्लोब्युलिन! क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं माप, २.१ आणि कॅल्शियम ११.८, दोन्ही वाढलेली.

मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी जरा वैतागलेच, पेशंट गरीब आहे, टेस्ट वाढवू नका म्हणाले. त्यांचंही चूक नाही, लॅबवाले उगाच बिल फुगवतात हा अनुभव असतोच लोकांना. मॅडम म्हणाल्या हे सगळं आम्ही फुकट केलंय, तुम्ही फक्त आकडे ऐका. आकडे ऐकल्यावर पलीकडून काही सेकंद आवाजच नाही, मग एवढंच, "पेनकिलर मी आत्ता बंद करतो."

मधल्या वेळात युरिनही घेतली होती. स्ट्रिपवर प्रोटीन जेमतेम ट्रेस, कारण स्ट्रिप मुख्यतः अल्ब्युमिन पकडते. मग मॅडमनी त्यांच्या कॉलेजच्या काळातली टेस्ट करून दाखवली, आता ही कोणी करत नाही आणि फार भरवशाचीही नाही. युरिन थोडी ॲसिडिक करून टेस्टट्यूब हळूहळू तापवायची. साठ डिग्रीच्या आसपास युरिन गढूळ झाली, मला वाटलं झालं, पण उकळायला आली तशी परत स्वच्छ! गार होताना पुन्हा गढूळ. साधं प्रोटीन एकदा गोठलं की गोठलं, हे विरघळून परत येतं. बेन्स जोन्स प्रोटीन, म्हणजे अँटीबॉडीचे सुटे तुकडे (लाइट चेन), लंडनच्या हेन्री बेन्स जोन्सने १८४० च्या दशकात वर्णन केलेलं. मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं, डोळ्यांनी तेव्हाच बघितलं.

इलेक्ट्रोफोरेसिसची (रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून बघायची टेस्ट) सोय आमच्याकडे नाही, म्हणून सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवलं. त्याला सिरमच लागतं, प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्ताचं पाणी) पाठवला तर फायब्रिनोजेनचा पट्टा भलत्या जागी उमटतो आणि घोळ होतो. ग्राफ आला तेव्हा गॅमाच्या, म्हणजे अँटीबॉडीच्या भागात, जिथे एरवी बसकी टेकडी असते, तिथे सरळ सुळका. एम बँड, ५.४ ग्रॅम. शरीरात हजारो प्रकारच्या अँटीबॉडी असतात म्हणून ती टेकडी पसरट, अँटीबॉडी बनवणाऱ्या एकाच प्लाझ्मा पेशीचं कुटुंब माजलं की एकाच अँटीबॉडीचा ढीग होतो. पुढे शहरात बोनमॅरो झाली, एमआरआय झाला, दोन मणके खचलेले. मल्टिपल मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर.

आता कोणी म्हणेल मग सगळ्यांचं ईएसआर करून टाका. तसं नाही. ज्या मायलोमात फक्त लाइट चेन बनतात त्यात ईएसआर अगदी साधं येऊ शकतं, आणि ईएसआर ४०-५० असलेल्या कितीतरी आज्यांना काहीही झालेलं नसतं. पण शंभरच्या वर ईएसआर, सोबत सीआरपी गार आणि पाठ दुखतेय, असं असेल तर प्रोटीन करायला फार पैसे लागत नाहीत हो.

काकांना शहरात बोर्टेझोमिबची, म्हणजे मायलोमावरच्या औषधाची, इंजेक्शनं चालू आहेत. मुलगा अधूनमधून व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतो, आता तो सीआरपी विचारत नाही, "एम बँड किती झाला" विचारतो. परवाच्या रिपोर्टमध्ये १.१ होता, क्रिएटिनिनही उतरलंय. काकांचं म्हणणं एकच, पेरणीला जाऊ द्या. डॉक्टरांनी बांधावर बसून बघायची परवानगी दिलीय, वाकायची नाही.