पॉवर बटण प्रकल्प, नोंद ३: धक्का लागला तर दुर्लक्ष, दाबून धरलं तर शटडाऊन

पीसीचं पॉवर बटण आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये बसणारं सर्किट आता ब्रेडबोर्डवरून झिरो पीसीबीवर (सोल्डर करायच्या बोर्डवर) आलंय आणि कॅबिनेटच्या आत बसलंय. उद्दिष्ट बदललेलं नाही. पीसी बंद असेल तर एका दाबात सुरू व्हावा. चालू असताना नुसता धक्का लागला तर काहीही होऊ नये. दीड सेकंद दाबून धरलं तर रीतसर शटडाऊन, आणि मशीन पार हँग झालं असेल तर तसंच धरून ठेवल्यावर सक्तीने बंद.

हे सेटिंगमधून अर्धंच जमतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये बटणाला 'डू नथिंग' देता येतं, लिनक्सवर लॉगइनडी या सिस्टीम सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडलपॉवरकी'पुढे 'इग्नोर' लिहिता येतं. पण मग बटणाने रीतसर बंद करायची सोयच जाते. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम लोड होण्याआधी या सेटिंगांना कोणी विचारत नाही. बायॉस स्क्रीनवर असताना बटणाला टिचकी लागली की मशीन तडक बंद. बायॉस अपडेट चालू असताना हे झालं तर बोर्ड दुरुस्तीला न्यायची वेळ येऊ शकते.

जुन्या एटी मशीनमध्ये पुढच्या स्विचपर्यंत थेट २३० व्होल्ट यायचे; खटका पाडला की विषय संपला. १९९५ च्या एटीएक्स या नव्या मानकापासून बटण म्हणजे फक्त विनंती. मदरबोर्डवर एका पिनेवर पुल-अपने (वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरने) व्होल्टेज असतं, बटण दाबलं की ती पिन ग्राउंड होते. पुढचं चिपसेट ठरवतो: मशीन चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमला कळवतो आणि चार सेकंदांहून जास्त वेळ पिन खाली राहिली तर कोणालाही न विचारता पॉवर तोडतो. इंटेलच्या चिपसेटमध्ये याच पिनेवर १६ मिलिसेकंदांचा डिबाउन्स (बटणाची थरथर गाळायची वेळ) आहे. म्हणजे जेमतेम १६ मिलिसेकंदांचा स्पर्शसुद्धा 'बंद कर' म्हणून पुढे जातो. मूळ दुखणं इथे आहे.

सामान: एटीटायनी८५ (छोटी मायक्रोकंट्रोलर चिप), पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग), ४७० ओहम आणि १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, एक १०० किलोओहम, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि १६ मिमीचं मेटल पुश बटण, ५ व्होल्ट एलईडीवालं. बटण घेताना 'मोमेंटरी' (सोडलं की परत वर येणारं) आहे ना, बघून घ्या. लॅचिंग (दाबलं की आतच अडकून राहणारं) बटण दिसायला हुबेहूब तसंच असतं. ते थेट मदरबोर्डला लावलं तर पीसी सुरू होऊन चार सेकंदांत बंद पडतो आणि दोष बिचाऱ्या एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) माथी जातो. १२ व्होल्ट एलईडीचं बटणही नको, ५ व्होल्टवर ते मिणमिणतं.

जोडणी: चिपला सप्लाय ५ व्होल्ट स्टँडबायचा, म्हणजे २४ पिन कनेक्टरची ९ नंबरची जांभळी वायर. एसएमपीएसची मूळ वायर कापू नका. २४ पिनची एक्स्टेंशन केबल घेऊन तिच्यातून टॅप काढा. यूएसबी हेडरवरूनही ५ व्होल्ट मिळतात, पण बायॉसमध्ये 'ईआरपी' (बंद असतानाची वीज वाचवायचं सेटिंग) चालू केलं की पीसी बंद झाल्यावर तेही जातात आणि बटण मुकं होतं.

बटण पीबी३ वर (पाय २), आतला पुल-अप चालू करून. पीबी४ मधून (पाय ३) ४७० ओहम घेऊन पीसी८१७ च्या पाय १ ला, पाय २ ग्राउंडला. पाय ४ मदरबोर्डच्या पॉवर स्विच प्लसला, पाय ३ मायनसला. नेहमीच्या नऊ पिनांच्या फ्रंट पॅनेल हेडरवर या पिना ६ आणि ८. तरी मल्टिमीटर लावून बघा, व्होल्टेज दिसेल ती प्लस. चिपची पिन थेट हेडरला जोडायची नाही, ५ व्होल्ट तिथे जाता कामा नयेत. मदरबोर्डकडे जाणाऱ्या आउटपुटला पीबी० ते पीबी२ मुद्दाम टाळल्या: त्या प्रोग्रामिंगच्या पिना, चिप जागेवरच फ्लॅश करताना पीसीला नको ते पल्स गेले असते.

पीसी चालू आहे की बंद, हे ओळखायला पॉवर एलईडीचा हेडर मोहात पाडतो. स्लीपमध्ये तो बहुतेक बोर्डांवर लुकलुकतो, म्हणून तो नाद सोडला. त्याऐवजी साटा पॉवर कनेक्टरची लाल वायर १० किलोओहममधून पीबी२ ला (पाय ७) आणि तिथून १०० किलोओहम ग्राउंडला. एस३ स्लीपमध्ये (फक्त रॅम जागी असलेली झोप) आणि पूर्ण बंद असताना ही लाईन शून्य असते. दोन्ही वेळी एका दाबात जाग यायला हवी, त्यामुळे गणित जमतं. मॉडर्न स्टँडबायवाल्या (झोपेतही अर्धवट जागं राहणाऱ्या) मशीनवर लाईन जिवंत राहू शकते, तिथे झोपलेलं मशीन कीबोर्डनेच उठवावं लागेल. बटणाचा एलईडी पीबी१ वर.

वेळा अशा ठेवल्यात: ३० मिलिसेकंद स्थिर दाब म्हणजे खरा दाब. पीसी बंद असेल तर लगेच २०० मिलिसेकंदांचा पल्स. चालू असेल तर बोट ठेवताच एलईडी फडफडतो, दीड सेकंदाला २०० मिलिसेकंदांचा पल्स जातो. बोट तिसऱ्या सेकंदालाही खालीच असेल तर आउटपुट सलग चालू आणि तिथून चिपसेटचे चार सेकंद. एकूण सात सेकंदांच्या थोडं वर.

घोळ होतो तो दोन-तीन ठिकाणीच. एक, सक्तीने बंद झाल्यावर बोट अजून बटणावरच असतं, लाल लाईन शून्य होते, आणि कोडला वाटतं की बंद पीसीवर नवा दाब आला. मशीन लगेच पुन्हा सुरू होतं. म्हणून बोट उचलल्याशिवाय पुढचा दाब मोजायचाच नाही. हीच अट चिप सुरू होतानाही लावायची. दुसरं, एटीटायनी८५ कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर येते. कोड ८ मेगाहर्ट्झसाठी कंपाइल केला आणि फ्यूज (चिपमधलं कायमचं सेटिंग) बदलला नाही तर सगळ्या वेळा आठपट, दीड सेकंदाचे बारा. लाईट जाते-येते तिथे ब्राउन-आउट फ्यूज (व्होल्टेज पडलं की चिप थांबवणारा) २.७ व्होल्टवर लावलेला बरा, नाहीतर अर्धवट व्होल्टेजवर चिप काय करेल याचा नेम नाही. शटडाऊननंतर लगेचच दाबलं तर लाल लाईनवरचे एसएमपीएसचे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत पहिला दाब वाया जाऊ शकतो. ते चालवून घेतलंय.

तपासायला विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर पुरतो. दीड सेकंदाच्या दाबानंतर पुन्हा सुरू केल्यावर कर्नल-पॉवर ४१ (मशीन रीतसर बंद न झाल्याची नोंद) दिसायला नको, सात सेकंदांच्या दाबानंतर दिसायलाच हवा. पहिल्यातच ४१ आला तर पीसी८१७ मधून लाईन सुटत नाहीये; पल्स संपल्यावर पीबी४ खाली येते का बघा.

चिपच मेली तर? त्यासाठी कॅबिनेटचं रीसेट बटण रीसेटच्या पिनांवरून काढून पॉवर स्विचच्याच पिनांवर समांतर टाकलंय. ते आत दबलेलं असतं, पेनाच्या टोकाशिवाय दाबलं जात नाही. लाईट आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हायचं बायॉस सेटिंग या सर्किटच्या वाटेत येत नाही, कारण रीसेटनंतर चिपच्या पिना इनपुट असतात आणि ऑप्टोकपलर बंदच राहतो. एलईडीची फडफड मात्र अजून जास्त वेगवान आहे, पुढच्या कोडमध्ये ती निम्म्यावर आणायची आहे.