हिरव्या काठाचं पातळ

जुलैतली गोष्ट आहे. वर्ष, गाव, तालुका काही सांगणार नाही, कायद्यानं सांगता येत नाही आणि मलाही सांगायचं नाहीये. कोल्हापुरात मी केस वर्कर आहे, म्हणजे अत्याचार झालेली बाई आली की पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशन या सगळ्यासाठी तिला दारोदार फिरायला लागू नये म्हणून सोबत राहायचं, एवढंच काम. त्या दिवशी सकाळपासून सगळ्यांच्या मोबाईलवर एकच विषय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि पाणी चढतच होतं. आज बाहेरगावचं कोण येत नाही असं मीच म्हटलं चहा पिताना.

साडेअकराला ती आली, सोबत तिची मोठी जाऊ. दोघी चिंब भिजलेल्या. ती काही बोलेना, नुसती एक प्लास्टिकची कॅरीबॅग छातीशी धरून बसलेली. जाऊच म्हणाली, "मॅडम, सोमवारी रात्री दहाला झालंय. हिचं पातळ आणलंय, धुवायचं न्हाई म्हणत्यात न्हवं?" चौथी शिकलेली बाई. मी बघतच राहिले, कारण शिकलेल्या घरातनंसुद्धा बायका आंघोळ करून, कपडे भिजवून येतात आणि त्यात त्यांची चूक नसते, अंग कधी एकदा धुतोय असं होतं माणसाला.

मी मनात तास मोजले. सोमवार रात्री दहा ते गुरुवार साडेअकरा, साडेएकसष्ट. एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं देतात ती ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, जितकी लवकर तितकी बरी, गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळीचंही तेच. मग एवढा उशीर का? तर मंगळवारी सकाळीच एका खाजगी दवाखान्यात गेल्या होत्या ह्या, तिथं सांगितलं पोलीस केस आहे, आधी एफआयआर घेऊन या. घाबरून घरी गेल्या आणि रात्रीत ओढ्याला पाणी आलं, रस्ता बंद. खूप राग आला मला. २०१३ पासून कायदा आहे की सरकारी असो का खाजगी, कुठल्याही हॉस्पिटलनं ताबडतोब आणि फुकट उपचार द्यायचे, नाही दिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हॉस्पिटलनं पोलिसांना कळवायचं असतं, बाईला पिटाळायचं नसतं.

तपासणीआधी जाऊनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ती बोटाची तपासणी करत्यात का हो?" डॉक्टर मॅडमनी ऐकलं आणि सरळ तिच्याकडं बघून सांगितलं की नाही, ती आत बोटं घालून करायची तपासणी २०१४ च्या नियमावलीतच बंद झाली, २०२२ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की असं करणारा डॉक्टर गैरवर्तन करतो. मग प्रत्येक गोष्टीआधी विचारत गेल्या, आता हे करू का, नको असलं तर नको म्हण. दोन वेळा ती नको म्हणाली, दोन्ही वेळा मॅडम थांबल्या. पहिली गोळी दुपारी पावणेदोनला गेली पोटात, पुढं २८ दिवस घ्यायच्या. घरात कोण विचारलं तर? जाऊ म्हणाली, "माझ्या बीपीच्या डब्यात ठेवतो की मी."

पातळ ओलसरच होतं, दोन दिवस प्लास्टिकमध्ये राहून वास मारायला लागलेलं. तसंच बांधलं तर बुरशी धरते आणि पुरावा जातो, म्हणून सिस्टरनी ते टेबलावर जाड कागद अंथरून पंख्याखाली पसरलं. हिरवा काठ, एका कोपऱ्यात चिखल. वाळलं की कागदी पिशवीत घालून सील. तेव्हा ती पहिल्यांदा आपणहून बोलली, "ते मला परत मिळंल का? आईनं दिल्तं, पंचमीला."

आणि अंगावरचं ओलं बदलायला आमच्या कपाटात काय, तर पंजाबी ड्रेस. ती यादी मीच केलेली, गावात ड्रेस घालून उतरली तर हिला दहा जण विचारतील हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. शेवटी सिस्टरनी नाईटसाठी ठेवलेली स्वतःची साडी काढून दिली.

तक्रार करायची का ते तिनं संध्याकाळी ठरवलं, कुणी घाई केली नाही. तिच्या गावाकडचं ठाणं पाण्यापलीकडं, त्यामुळं इथंच झिरो एफआयआर झाली, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येते ती, महिला अधिकाऱ्यांनी जबाब घेतला. मनोधैर्य, म्हणजे अशा बायकांना सरकारी आर्थिक मदत देणारी योजना, तिच्या अर्जाचं नंतर बघितलं.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर ती पुन्हा आली, या वेळी एकटी. सिस्टरची साडी धुऊन, इस्त्री करून आणलेली. "आणि माझं?" मी सांगितलं ते आता मुद्देमालात आहे, केस संपली की कोर्टात अर्ज करता येतो, वेळ लागंल.

"मग लिहून ठेवा," म्हणाली, "हिरव्या काठाचं."

फाईलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय मी, पेनानं.