मुलाचा बीएमआय किती हवा?

मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा, किती हवा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. दवाखान्यात आईवडील मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, हिचा बीएमआय एवढा आलाय. ठीक आहे ना?" तो आकडा बहुतेक वेळा मोठ्यांसाठीच्या कॅल्क्युलेटरवर काढलेला असतो आणि त्यांना हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. मी मात्र उलट विचारते: नेमकं वय किती, मुलगा की मुलगी, आणि वर्षापूर्वी उंची-वजन किती होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच मिळतं. मला मात्र सगळ्यांत जास्त तेच हवं असतं.

सूत्र सोपं आहे. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. बेल्जियमचे गणितज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात ते मांडलं, ते मोठ्या लोकसमूहांचा अभ्यास करताना. एकेकट्या माणसाची तब्येत ठरवणं हा त्यांचा हेतू नव्हता. मोठ्यांसाठी पुढे १८.५, २५ आणि ३० अशा सीमा ठरल्या. मुलांना या सीमा लावायच्याच नाहीत, कारण त्यांचा बीएमआय वयाबरोबर बदलतो आणि तो बदलायलाच हवा.

पहिल्या वर्षात तो चढतो. बाळ गुटगुटीत दिसतं, घरचे खूश असतात. मग मूल चालायला, पळायला लागतं, उंच होतं आणि बीएमआय उतरत जातो. पाच-सहा वर्षांच्या आसपास तो तळाला पोचतो आणि तिथून पुन्हा चढू लागतो. चार वर्षांच्या नातवाच्या बरगड्या दिसतात म्हणून आजी काळजीत पडते, पण मूल खेळतंय, उंची वाढतेय, तर ते बहुधा त्याच्या वयाला साजेसंच असतं. उलट हा तळ फार लवकर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच येऊन आकडा चढायला लागला, तर पुढे स्थूलतेची शक्यता वाढते. तेव्हा मी त्या मुलाला जरा लवकर पुन्हा बोलावते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्यांचा मधला बीएमआय पाचव्या वर्षी १५.३, दहाव्या वर्षी १६.४ आणि पंधराव्या वर्षी १९.८ आहे. मोठ्यांच्या मापाने यातले पहिले दोघे 'कमी वजनाचे' ठरतील. प्रत्यक्षात ते अगदी मध्यावर आहेत.

म्हणून मुलांसाठी पर्सेंटाइल वापरतात. त्याच वयाची, मुलगा असेल तर मुलगे आणि मुलगी असेल तर मुली, अशी शंभर मुलं बीएमआयच्या क्रमाने उभी केली तर आपलं मूल कितवं, एवढंच ते सांगतं. इथे नव्वद आले म्हणजे परीक्षेसारखं यश नव्हे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या पद्धतीत, २ ते १९ वर्षांसाठी, पाचच्या खाली कमी वजन, ५ ते ८५च्या आत निरोगी, ८५ ते ९५च्या आत जास्त वजन आणि ९५ किंवा वर स्थूलता, अशी विभागणी आहे. या पट्टीवर बीएमआय २३ असलेला दहा वर्षांचा मुलगा स्थूल गटात जातो आणि तेवढ्याच बीएमआयचा पंधरा वर्षांचा मुलगा निरोगी गटात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सीमारेषा थोड्या वेगळ्या आहेत, म्हणून दर वेळी तोच तक्ता वापरा. एकदा हा, एकदा तो, असं केलं की नुसता गोंधळ होतो.

मोजमापाबद्दल मी जरा हट्टी आहे. समजा, दहा वर्षांचा मुलगा, वजन ३६ किलो, उंची १४० सेंटिमीटर. बीएमआय आला १८.४. उंची मोजताना त्याने मान खाली घातली, गुडघे किंचित वाकवले आणि टेप १३८वर थांबली, तर तोच मुलगा १८.९चा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी 'जास्त वजना'ची रेघ १८.५ला आहे. दोन सेंटिमीटरने मुलाचा गट बदलला! तेव्हा बूट काढा, केसांचा अंबाडा किंवा उंच पोनी सोडा. टाचा आणि पाठ भिंतीला लावून, नजर समोर ठेवून उभं करा. डोक्यावर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात टेकवा आणि तिथे खूण करा. दोनदा मोजा. वजन हलक्या कपड्यांत घ्या.

आणि हे मोजताना तोंडावर ताबा ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. अकरा-बारा वर्षांची मुलगी काट्यावर उभी राहते तेव्हा ती आधी आकडा बघत नाही, आईचा चेहरा बघते. भुवया वर गेल्या की तिला उत्तर मिळालेलं असतं. वजनावरून टोमणे ऐकणारी, उपाशी राहणारी मुलं पुढे बारीक होतात असं नाही. लपून खाणं, अति खाणं आणि खाण्याशी जडलेले मानसिक आजार यांचा धोका मात्र वाढतो. शिवाय वयात येताना मुलींच्या शरीरात चरबी वाढतेच, ती वाढीचाच भाग आहे. अनेक मुलांचं वजन आधी वाढतं आणि उंची मागून येते. मुलग्यांचे स्नायू भरतात, आणि बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. रोज मैदानावर घाम गाळणारा दणकट मुलगा म्हणूनच कधी कधी उगाच 'जास्त वजना'त मोजला जातो.

खरोखर जास्त असेल तर काय करायचं? वाढत्या मुलाचं वजन बहुतेक वेळा उतरवावं लागत नाही, थोपवलं तरी पुरतं. १४० सेंटिमीटर उंची आणि ४४ किलो वजन म्हणजे बीएमआय २२.४. वजन तेवढंच राहून उंची १५०वर गेली की तो १९.६ होतो. त्यासाठी गोड पेयं घरात आणूच नयेत. रोज तासभर अंग हलेल असा खेळ हवा. झोप शाळकरी मुलांना ९ ते १२ तास, तेरा वर्षांपुढे ८ ते १० तास. आणि हे सगळं घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. एकट्या मुलासाठी वेगळं ताट वाढलं की ती शिक्षा होते. एखाद्या किशोराचं वजन प्रत्यक्ष कमी करायची गरज असेलही, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आकडे दर सहा महिन्यांनी एका वहीत लिहा, तारखेसह. मूल वर्षानुवर्षं ७० पर्सेंटाइलच्या आसपास चाललंय, तर मी निवांत असते. वर्षभरात ५०वरून ८५वर गेलं किंवा ६०वरून १५वर आलं, तर आजचा आकडा 'निरोगी' गटात असूनही मी कारण शोधते.

काही बाबतींत मात्र पुढच्या नोंदीची वाट बघू नका. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, हे महत्त्वाचं लक्षण आहे. जास्त खाण्याने वजन वाढलेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात, त्यामुळे अशा वेळी थायरॉइड आणि इतर हार्मोन तपासावे लागतात. मानेवर, काखेत काळसर, मखमली जाड कातडी दिसली, रात्री घोरताना श्वास अडकला, तर दाखवायला या. मूल कारण नसताना बारीक होत चाललं, सारखी तहान लागून लघवीला जाऊ लागलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. आणि मुलगी जेवण टाळतेय, पाळी थांबली आहे, चक्कर येतेय, तर बीएमआय कितीही असो, तिला लगेच घेऊन या.