बर्फ, लोकर आणि डझनभर अंडी

दुभाष्याला बोलणाऱ्याचं 'मी' आपल्या तोंडात घ्यावं लागतं. दर वाक्याला 'ते म्हणतात की' जोडत बसलं तर ऐकणारे पेंगायला लागतात. शिरोलीच्या फाउंड्रीत परदेशी इंजिनिअर आला की मी बिनदिक्कत 'माझ्या कारखान्यात' म्हणतो, कुणाला काही वाटत नाही. पण गेल्या जानेवारीत करवीर तालुक्यातल्या एका छोट्या चर्चमध्ये उभा राहून मी म्हणालो, "माझ्या लहानपणी आमच्या दारात कंबरभर बर्फ पडायचा," आणि पुढच्या सतरंजीवरची पोरं फिस्सकन हसली. ते माझं आजोळ. माझं लहानपण त्या गावानं पाहिलेलं.

पाहुणे अमेरिकेतल्या मिनेसोटाचे, सत्तरीचे पास्टर. सकाळी येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकल्यामुळं उशीर झाला. पोहोचलो तेव्हा पेटी-ढोलकीवर ना. वा. टिळकांचं भजन चालू होतं. मंडळी जेमतेम चाळीस, बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. पाळकसाहेबांनी ओळख करून देताना 1852 साली कोल्हापुरात आलेल्या मिशनरी वाइल्डर साहेबांपासून सुरुवात केली. ती नेहमीच लांबते.

संदेशासाठी वचन होतं बायबलातलं, यशया 1:18. पातकं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, किरमिजासारखी तांबडी असली तरी लोकरीसारखी होतील. लाल रंगाबद्दल ते छान बोलले. हिब्रूत त्या रंगाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ किडा, कारण रंग किड्यापासूनच काढायचे. मला वाटलं, आपली लाखही किड्याचीच की! किरमिजी शब्दातही तोच किडा दडलाय. हे मी पदरचं घातलं. दुभाष्यानं घालू नये, पण घातलं.

मग ते बर्फावर आले. रात्रभर पडतो, आवाज होत नाही. सकाळी उठावं तर रस्ता, मोडकं कुंपण, उकिरडा, सगळं एकसारखं झाकलेलं. ऐकायला सुंदर होतं, आणि माझी पंचाईत तिथंच झाली. इंग्रजीत आभाळातून पडणारा वेगळा, पेटीत गोठणारा वेगळा. माझ्याकडं दोन्हीला 'बर्फ'. समोरच्यांच्या डोळ्यांपुढं रसवंतीवरची भुशात गुंडाळलेली लादी. कंबरभर लादी आभाळातून पडली तर उकिरडा कशाला, माणूसही उरायचा नाही. 'हिम' म्हणून पाहिलं, तर चेहरे आणखी कोरे. पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल थेट हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, 1924 साली ते छापून आलं. या ओळीपाशी त्या थांबल्या असतील का, हा प्रश्न मला तिथं उभ्या उभ्या पडला. तेवढ्यात एक वाक्य निसटलंसुद्धा.

शेवटी मी पाहुण्यांच्या कानाला लागलो. म्हटलं, इथं कुणी बर्फ पाहिलेला नाही, लोकरीवर या, गावाला मेंढरं ठाऊक आहेत. त्यांनी चष्मा सारखा केला आणि लोकरीवर आले. "मेंढराच्या लोकरीसारखं पांढरंशुभ्र," मी म्हणालो.

"लोकर काळी असत्या की वो सर," भिंतीला टेकून बसलेली आज्जी म्हणाली.

आणि खरंच. आपल्याकडचं घोंगडं डोळ्यांसमोर आणा. काळंच. पाळकसाहेबांनी तिला गप्प बसायची खूण केली, पण पाहुण्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी सांगितलं. ते पुलपिटावरून खाली उतरून तिच्यासमोर चक्क सतरंजीवर बसले. त्यांच्याबरोबर मीही.

आज्जीच्या माहेरी घोंगडी विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ लावायचं काम लहानपणापासून तिच्याकडं. ती पदर सावरत म्हणाली, "काळ्या लोकरीला कुठलाबी रंग चढत न्हाई. कितीबी धुवा, काळीच ऱ्हात्या. काठाला पांढरी रेघ घालायची म्हंजे मेंढीच पांढरी लागत्या."

हे इंग्रजीत नेताना माझीच जीभ अडखळली. 'लागते' म्हणजे हवी असते की असावीच लागते? मी दुसरं धरलं. पाहुणे थोडा वेळ गप्प. मग त्यांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं, हातातले कागद दुमडून बायबलात सारले आणि म्हणाले, प्रार्थना करू या. संदेश निम्मा राहिला. पाळकसाहेबांना ते रुचलं नाही, हे त्यांच्या 'आमेन'वरून कळलं.

उपासनेनंतर अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव असतो. भोपळा, दोन नारळ, शेर-दोन शेर तांदूळ, गुळाची ढेप. डझनभर गावरान अंड्यांवर पाहुण्यांनी पाचशे रुपये बोली लावली. पुढं कोण बोलणार? जेवायला तांबडा-पांढरा होता. त्यावरून वचनाचा विनोद कोण करतंय याची मी वाट बघत होतो. पाळकसाहेबांनीच केला, राग गेला म्हणायचा.

निघताना पाहुणे अंड्यांची टोपली घेऊन आज्जीकडं गेले. विमानातून नेता येत नाहीत, तुम्ही घ्या, असं मी त्यांच्या वतीनं सांगितलं. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं, एक अंडं उचलून फिरवलं.

"ही माझ्याच कोंबडीची हायती. देवाला दिल्यालं माघारी घ्यायचं व्हय?" ती मला म्हणाली. "सांगा त्यास्नी."