चिठ्ठ्या नसलेले दगड

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या कपाटात एक लाकडी पेटी होती. आत बारा खण, प्रत्येकात एक दगड आणि दगडावर रंगाने लिहिलेला नुसता आकडा. नावाची चिठ्ठी कुठेच नाही. भूगोलाच्या बाईंना नाव विचारलं की त्या म्हणायच्या, "दगडालाच विचार."

४ नंबरचा दगड काळा, पोलादासारखा चकाकणारा. मी वहीत 'रंग काळा' लिहून मोकळा झालो. बाईंनी झिलई नसलेली चिनी मातीची फरशी पुढे सरकवली. दगड दाबून ओढला आणि विटकरी लाल रेघ उमटली! ते हेमॅटाइट होतं, लोखंडाचं खनिज. सोन्यासारखा पिवळा ७ नंबर, म्हणजे पायराइट, त्याच फरशीवर हिरवट काळी रेघ ओढून गेला. खनिजाच्या पुडीच्या या रंगाला 'कस' म्हणतात. शब्द आधीपासून तोंडात होता, कळला तो त्या दिवशी.

आमची खरी परीक्षा घेतली ती तीन पांढऱ्या दगडांनी. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांची १८१२ सालची, शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंतची कठिनतेची दहा पायऱ्यांची श्रेणी फळ्यावर होतीच. एका दगडाने काचेवर ओरखडा काढला: क्वॉर्ट्झ, कठिनता ७. उरलेले दोन्ही खिळ्याने खरवडले जात होते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच त्यातला एक फसफसला, तो कॅल्साइट. दुसरा ढिम्म. मी तो पुसून ठेवणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आधी खरवडून बघ." खरवडून निघालेल्या चिमूटभर पुडीवर पुन्हा थेंब टाकला, आणि हळूहळू बारीक बुडबुडे येऊ लागले. डोलोमाइट! त्याची आम्लाशी क्रिया मंद असते. पूड केली की आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि ती डोळ्यांना दिसते. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. आम्हाला दोन तासिका लागल्या.

त्याच क्वॉर्ट्झचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा तो किती पट जड हे काढताना माझं उत्तर २.५ आलं. पुस्तकात २.६५ होतं. मी गुपचूप आकडा खोडून पुस्तकातला लिहिला. बाईंनी खाडाखोड पाहिली. रागावल्या नाहीत. दोऱ्याला बांधलेला दगड पुन्हा पाण्यात सोडून भिंगातून पाहायला सांगितलं. भेगेत हवेचे बुडबुडे अडकून बसले होते. ते दगडाला वर उचलत होते, म्हणून पाण्यातलं वजन कमी भरत होतं. "तुझा आकडा खोटा नव्हता," बाई म्हणाल्या, "तू दगड आणि हवा, दोन्ही मोजलंस. खोडलंस कशाला?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्रशने बुडबुडे झटकून पुन्हा वजन केलं, आणि या वेळी पहिला आकडा न खोडता त्याखाली दुसरा लिहिला.

प्रयोगशाळेचं नूतनीकरण व्हायचं आहे असं ऐकतो. कपाटं जरूर नवी घ्या. त्या पेटीतल्या दगडांवर मात्र नावाच्या चिठ्ठ्या लावू नका, आणि रेघांनी भरलेली ती फरशी कुणी घासून स्वच्छ करू नये, एवढी विनंती.