पिल्लांच्या खाद्यातला नत्र: 18वा दिवस

आज कोंबडीच्या पिल्लांची पुन्हा वजनं केली. 'अ' गटाला 22 टक्के प्रथिनांचं स्टार्टर (लहान पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) चालू आहे. 'ब' गटाला 19 टक्के, पण मेथिओनिन, लायसीन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) वरून मिसळून. दोन्हीकडे दहा-दहा पिल्लं. 'ब' गट सरासरी 9 ग्रॅमनी मागे आहे. एवढ्याशा पिल्लांवरून निष्कर्ष काढणार नाही, पण पंख दोन्हींचे सारखेच भरलेत, याचा मला खरंच आनंद झाला.

ओळखीच्या दोघांनी विचारलं, गाईला युरिया चालतो, मग पिल्लांना का नाही? गाईच्या कोठीपोटातले जंतू युरियाच्या अमोनियातून स्वतःची प्रथिनं बनवतात आणि पुढे तीच गाईला पचतात. पिल्लाकडे युरिया फोडणारं स्वतःचं विकर (एन्झाइम) नाही. जंतू आहेत ते मुख्यतः अंधनालात, आतड्याच्या पार शेवटी. तिथे बनलेलं प्रथिन बहुतेक विष्ठेतूनच जातं.

म्हणून पिल्लाला प्रथिनेतर, म्हणजे प्रथिनांखेरीज इतर पदार्थांतला नत्र अजिबात वापरता येत नाही असं मात्र नाही. डायअमोनियम सायट्रेट या अमोनियाच्या क्षारामधला अमोनिया यकृतात ग्लुटामेटमध्ये बांधला जातो आणि त्यातून ॲलनिन, ॲस्पार्टेटसारखी अनावश्यक, म्हणजे शरीराला स्वतः बनवता येणारी अमिनो आम्लं तयार होतात. अट एकच: आवश्यक, म्हणजे खाद्यातूनच मिळावी लागणारी अमिनो आम्लं पुरेशी हवीत आणि तुटवडा फक्त अनावश्यकांच्या नत्राचा हवा. लायसीनच कमी असेल तर कितीही अमोनियम द्या, उपयोग शून्य. उलट जादा नत्र यूरिक आम्ल करून टाकावा लागतो आणि त्याच्या प्रत्येक रेणूमागे ग्लायसीन या अमिनो आम्लाचा एक रेणू खर्ची पडतो. विष्ठेवरचा पांढरा थर दिसतो ना, तो हाच खर्च. ग्लायसीन पिल्लाला स्वतः बनवता येतं, पण वाढीच्या वेगाला पुरेल इतकं नाही.

आणखी एक. पिशवीवरचं 'क्रूड प्रोटीन' म्हणजे नत्र गुणिले 6.25. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे कागदावर 287 टक्के प्रथिन! मागे एकदा आणलेल्या सुक्या मासळीच्या भुकटीचा आकडा उत्तम होता, पिल्लं मात्र खुरटली. तेव्हापासून अमिनो आम्लांची यादी मागितल्याशिवाय मी काही घेत नाही.

सकाळी ब्रूडरचं (पिल्लांच्या उबदार पेटीचं) झाकण उघडलं तर 'अ' कडे विष्ठेतल्या जादा नत्राचा अमोनिया डोळ्यांना झोंबला. 'ब' कडचं खाली अंथरलेलं तूस मुठीत दाबलं, गोळा झाला नाही, भुरभुर सांडलं.

उद्यापासून 'ब' मधली पाच पिल्लं 17 टक्क्यांवर, ग्लायसीन घालून. उरलेली पाच 17 वरच, पण त्याशिवाय. पुढचं वजन 25व्या दिवशी.